सही करण्याआधी केस क्रमांक मागा

टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"आमचं लग्न डिसेंबर २०१४ मध्ये साताऱ्यात झालं. तीन वर्षांपासून आम्ही फ्रिस्कोत राहतो. मुलगी सहा वर्षांची, जन्म अमेरिकेतलाच. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्यांच्या जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर. ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, आहे, पण सध्या नोकरी नाही. पाच महिन्यांपूर्वी ते नव्या नोकरीसाठी सिअॅटलला गेले ते परतलेच नाहीत. मी वॉशिंग्टन राज्यात कधी पाऊलही ठेवलेलं नाही. मागच्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर दोन पानांची पीडीएफ आली, वर 'जॉइंडर' असं लिहिलं आहे. शिक्का नाही, नंबर नाही. खाली निरोप: 'मी इथल्या काउंटी कोर्टात डिव्होर्स फाइल केलाय, सही करून पाठव, दोन महिन्यांत सगळं संपेल.' खरंच केस झाली आहे का, हे मी कुठे बघू? मला इथून अर्ज करता येईल का? आणि तिकडचा घटस्फोट भारतात चालतो का? बाबा म्हणतात, लेकीला घेऊन मिळेल त्या विमानाने ये. आई म्हणते, सही कर आणि मोकळी हो. मला काही सुचत नाही."

प्रिय ताई,

त्या कागदावर सही करू नका. फोनवर कितीही घाई झाली, रागावणं झालं, गोड बोलणं झालं, तरी नाही. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी सांगून ठेवते.

शिक्का नाही, नंबर नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. पण सगळ्या पत्रात कामाची ओळ तीच आहे. वॉशिंग्टन राज्यात घटस्फोटाचा अर्ज काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सुपीरियर कोर्टात जातो. तो दाखल झाला की क्लार्क त्याला क्रमांक देतो: आधी वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग ३, मग पुढची संख्या. मधला ३ म्हणजे कौटुंबिक खटला. असा क्रमांक नसेल तर तो कागद म्हणजे नावं भरलेला नुसता फॉर्म असू शकतो. शिवाय त्या राज्यात अर्ज दाखल होऊन त्याची बजावणी झाली, म्हणजे प्रत समोरच्याच्या हाती रीतसर पोचली, की किमान ९० दिवस थांबावं लागतं. 'दोन महिन्यांत संपेल' हे गणित तिथेच चुकतं. तेव्हा यजमानांना एकच मेसेज करा, लेखी: 'केस नंबर आणि काउंटीचं नाव पाठवा.' भांडण नको, खुलासे नकोत. उत्तर आलं तर पडताळून पाहायचं, नाही आलं तर तेही एक उत्तरच.

पडताळायचं कुठे? अमेरिकेत घटस्फोटांची देशभराची एकच नोंदवही नाही. अर्ज ज्या काउंटीत दाखल झाला तिथल्या क्लार्कच्या दफ्तरात ती फाइल असते आणि निकालानंतरही तिथेच राहते. सिअॅटल, बेल्व्ह्यू, रेडमंड ही गावं किंग काउंटीत येतात. तिच्या सुपीरियर कोर्ट क्लार्कचं स्वतःचं पोर्टल आहे. पण यजमान थोडे उत्तरेला राहत असतील तर स्नोहोमिश काउंटीही बघा. बॉथेलसारखं गाव तर दोन्ही काउंट्यांत विभागलेलं आहे. आणखी एक नाव लक्षात ठेवा, लिंकन काउंटी. ही राज्याच्या पूर्वेकडची लहानशी काउंटी. राज्यात कुठेही राहणाऱ्या जोडप्यांचे संमतीचे अर्ज ती टपालानेही स्वीकारते, म्हणून पुष्कळ जण तिथे दाखल करतात. तुमच्याकडे आलेला 'जॉइंडर' हा संमतीचाच कागद आहे, त्यामुळे तिथे शोध घेणं अगदी गरजेचं. राज्याच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोधायची सोय आहे, तिथून सुरुवात करा आणि मग त्या त्या क्लार्कच्या कार्यालयात सरळ फोन लावा. केस आहे का, कधी दाखल झाली, आत कोणते कागद लागले आहेत, हे ते सांगतात. प्रती पानामागे ठरलेली फी भरून मिळतात. काय करावं हा सल्ला मात्र ते देत नाहीत, तो विचारू नका.

शोधताना आपली मराठी नावं फार घोळ करतात. 'व' रोमन लिपीत कधी व्ही तर कधी डब्ल्यू होतो. मधलं नाव म्हणून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव कधी लागतं, कधी गळतं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसऱ्याच, असंही होतं. म्हणून त्यांचं नाव, तुमचं सासरचं नाव आणि माहेरचं नाव, तिन्ही वेगवेगळ्या स्पेलिंगने टाका. ते अर्जदार असतील असंही गृहीत धरू नका, प्रतिवादीच्या बाजूनेही बघा. एवढ्यावर थांबू नका. टेक्सस सोडण्यापूर्वीच त्यांनी इथे काही दाखल केलं असेल तर? फ्रिस्को अर्धं कॉलिन काउंटीत, अर्धं डेंटन काउंटीत आहे. दोन्हीकडे घटस्फोटाचे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात आणि दोन्हीकडे ऑनलाइन शोध घेता येतो. पैसे घेऊन 'डिव्होर्स रेकॉर्ड' शोधून देणाऱ्या खाजगी साइट्सच्या नादी लागू नका. त्यांची माहिती शिळी असते आणि कोर्टात तिला काडीची किंमत नाही. टेक्सस सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे १९६८ पासूनची घटस्फोटांची सूची आहे, पण तिथून मिळतं ते फक्त 'घटस्फोट झाला' असं पडताळणीचं पत्र. चालू खटल्यासाठी त्याचा उपयोग नाही, आणि निकालाची प्रमाणित प्रत तर काउंटीच्या क्लार्ककडूनच घ्यावी लागते.

हे सदर इतर राज्यांतही वाचलं जातं, म्हणून थोडं विषयांतर. 'काउंटी कोर्ट' हा आपल्या बोलण्यातला शब्द झाला, प्रत्येक राज्याची पाटी वेगळी. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत घटस्फोट सुपीरियर कोर्टात होतो. न्यू यॉर्कमध्ये तो सुप्रीम कोर्टात होतो. तिथलं सुप्रीम कोर्ट हे खालचंच न्यायालय आहे, आपल्या दिल्लीसारखं नव्हे. आणि न्यू यॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल त्या दोघांशिवाय किंवा त्यांच्या वकिलांशिवाय कुणाला उघडता येत नाही. अमेरिकेतलं घटस्फोटित स्थळ आलं की हल्ली पालक 'कोर्टातून चौकशी करतो' म्हणतात. प्रत्येक राज्यात ते जमेलच असं नाही. मुलाकडूनच डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमाची, प्रमाणित प्रत मागून घ्यावी. खरोखर घटस्फोट झाला असेल तर ती दाखवायला कुणाचीच हरकत नसते.

आता तुमच्या कागदाकडे येते. 'जॉइंडर' म्हणजे तुम्ही त्यांच्या अर्जात सामील झालात. 'समन्स मिळालं' अशी नुसती पोच देणारा फॉर्म वेगळा असतो. जॉइंडरवर सही केली की त्यांच्या अर्जातल्या मागण्यांना तुमची मान्यता धरली जाते, आणि फॉर्ममधल्या पर्यायानुसार पुढचे हुकूम तुम्हाला न कळवताही होऊ शकतात. मूळ अर्जात काय मागितलं आहे, मुलीबद्दल काय लिहिलं आहे, ते तर तुम्ही पाहिलेलंच नाही.

भारतातल्या वैधतेचा प्रश्नही इथेच गुंतला आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकटलक्ष्मी' या खटल्यात निकाल दिला, आजही वकील तोच पुढे करतात. तिरुपतीला १९७५ मध्ये झालेलं लग्न. नवऱ्याने अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टातून घटस्फोट मिळवला. कारण दिलं, संसार सावरण्यापलीकडे मोडला आहे. मग त्याने दुसरं लग्न केलं. बायको त्या कोर्टापुढे हजर झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मान्य केला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यात बसणारं कारण हवं आणि त्या कायद्याने अधिकार असलेलं कोर्ट हवं, असा नियम घालून दिला. त्याला अपवाद आहेत. समोरची व्यक्ती त्या देशात कायमची राहत असेल आणि कारण आपल्या कायद्यात बसणारं असेल, किंवा तिने स्वखुशीने तिथे हजर राहून अशा कारणावर खटला लढवला असेल, किंवा तिने घटस्फोटाला संमती दिली असेल, तर परदेशी डिक्री मानली जाते.

हा शेवटचा अपवाद पुन्हा वाचा. वॉशिंग्टन राज्यात घटस्फोटाचं कारण एकच आहे, संसार सावरण्यापलीकडे मोडला. हिंदू विवाह कायद्यात हे कारण नाही. तुम्ही गप्प राहिलात आणि ते एकतर्फी हुकूम घेऊन आले, तर तो भारतात टिकणं अवघड. पण जॉइंडरवर तुमची सही असेल तर ती संमती ठरू शकते. भारतीय कायद्याने तुमच्याभोवती जी भिंत उभी केली आहे तिचं दार त्या सहीने उघडतं. आई काळजीपोटीच 'मोकळी हो' म्हणते हे मला कळतं. पण या सहीने मोकळे होतील ते यजमान.

'इथून अर्ज करता येईल का?' हो, ताई, येईल. टेक्ससमध्ये नवरा-बायकोपैकी एक जण सहा महिने राज्यात आणि ९० दिवस त्या काउंटीत राहिलेला असला की पुरतं. तुम्ही तीन वर्षं राहताय. तुमचा पत्ता कॉलिनमध्ये येतो की डेंटनमध्ये, हे भाडेकराराच्या पत्त्यावरून काउंटीच्या नकाशात आधी बघून घ्या. अर्ज डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे ऑनलाइन दाखल होतो. फी काउंटीगणिक बदलते, साधारण तीनशे-साडेतीनशे डॉलरच्या आसपास. ती परवडत नसेल तर तसं प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यायचा फॉर्म असतो. अर्जाची प्रत कॉन्स्टेबलमार्फत किंवा अधिकृत बजावणीदारामार्फत यजमानांच्या हाती पोचावी लागते. व्हॉट्सअॅपवर टाकलेली पीडीएफ म्हणजे बजावणी नव्हे. त्यानंतर २० दिवस होऊन जो सोमवार येईल त्या दिवशी सकाळी १० पर्यंत त्यांना उत्तर द्यावं लागतं. अर्ज दाखल झाल्यापासून डिक्रीपर्यंत किमान ६० दिवस. दोघांत वाद असेल तर यापेक्षा खूप जास्त धरून चाला.

टेक्ससचा आणखी एक फायदा आहे. तिथे 'पटत नाही' हे कारण चालतं, शिवाय क्रूरता आणि व्यभिचार हीही कारणं आहेत, आणि हिंदू विवाह कायद्यातही ती आहेत. तुमच्या बाबतीत तसं काही खरोखर घडलं असेल तर वकिलांना अर्जात तेही घालायला सांगा. पुढे भारतात डिक्री दाखवताना त्याचं वजन पडेल. घडलं नसेल तर एक अक्षरही लिहू नका. सोडून गेल्याचं कारण तूर्त धरता येणार नाही. टेक्ससमध्ये त्याला एक वर्ष लागतं आणि भारतात दोन, तुमचे झालेत पाच महिने.

आणि सिअॅटलला खरंच केस निघाली तर? तिथे राहायला गेलेल्या माणसाला तिथे अर्ज करता येतो, ते बेकायदा नाही. पण तुम्ही त्या राज्यात कधी राहिला नाहीत, म्हणून तुमच्याविरुद्ध पैशाचे आणि मालमत्तेचे हुकूम काढण्याचा त्या कोर्टाचा अधिकार तोकडा पडतो. मुलीच्या ताब्याचा प्रश्न तर टेक्ससचाच. मूल गेले सहा महिने ज्या राज्यात राहिलं त्या राज्याने ताबा ठरवायचा, हा कायदा दोन्ही राज्यांत आहे. रीतसर समन्स आलं तर ते कपाटात टाकू नका. राज्याबाहेर बजावणी झाली तर उत्तराला ६० दिवस मिळतात. मात्र अधिकाराचा आक्षेप न घेता घाईने उत्तर दिलंत तर तुम्ही त्या कोर्टाला मान्यता दिली असं होऊन बसतं. ते उत्तर वकिलाच्या हातूनच जायला हवं.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्यासाठी खरी वेळ तिथेच मोजली जाते. अर्ज दाखल केल्याने एच-४ जात नाही. डिक्रीवर न्यायाधीशांची सही झाली की ते संपतं, आणि त्याबरोबर ईएडीही. म्हणून पुढचा दर्जा, म्हणजे विद्यार्थी व्हिसा असो, स्वतःचं एच-१बी असो किंवा काही महिन्यांसाठी व्हिजिटर असो, त्याचा अर्ज डिक्रीच्या आधी गेला पाहिजे. डिक्री कोणत्या तारखेला घ्यायची यावर दोन्ही वकिलांना बोलता येतं. घटस्फोटाचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील एकमेकांशी बोलताहेत ना, याची खात्री करा. पत्रात तुम्ही छळाबद्दल काही लिहिलेलं नाही. पण मारहाण, धमक्या, पैसे अडवणं, पासपोर्ट काढून घेणं असं काही असेल तर लपवू नका. छळ सोसलेल्या एच-४ जोडीदारासाठी स्वतंत्र वर्क परमिटची तरतूद आहे. डॅलस भागात चेतना ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच काम करते. घरगुती छळाविरुद्धच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १-८००-७९९-७२३३, तो चोवीस तास चालू असतो.

बाबांना माझा निरोप द्या. लेक आणि नात डोळ्यांसमोर असाव्यात असं त्यांना वाटतं, त्यात गैर काही नाही. पण यजमानांच्या लेखी संमतीशिवाय मुलीला भारतात नेलंत तर मूल पळवल्याचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. अमेरिकेत तो फौजदारी गुन्हा आहे आणि ताब्याच्या लढाईत तो तुमच्याविरुद्ध आयुष्यभर वापरला जाईल. कॉलिन आणि डेंटन या दोन्ही काउंट्यांत अर्ज दाखल होताच एक स्थायी आदेश लागू होतो. मुलाला परस्पर दुसरीकडे हलवायचं नाही, खाती रिकामी करायची नाहीत, दोघांनीही. तो तुम्हाला बांधतो तसा यजमानांनाही बांधतो. मुलीचा अमेरिकन पासपोर्ट कुठे आहे ते आज रात्रीच बघा. तिच्या नावाने नव्या पासपोर्टचा अर्ज झाला तर तुम्हाला कळवणारी परराष्ट्र खात्याची सूचना योजना आहे, तिच्यात नाव घाला. आणि बाबांनीच इकडे यावं. लेकीची शाळा चालू राहील आणि तुमच्या पाठीशी कुणीतरी असेल.

पैशांचं. लग्नानंतर दोघांपैकी कुणीही कमावलेलं टेक्ससमध्ये दोघांचं धरलं जातं: पगारातली बचत, ४०१के (निवृत्तीसाठीची बचत), शेअर, गाडी. वॉशिंग्टनमध्येही तत्त्व हेच. वाटणी न्याय्य असावी लागते, निम्मी-निम्मीच असेल असं नाही. एका मुलासाठी बापाने द्यायची रक्कम टेक्ससच्या सूत्राने निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. तुमच्यासाठी पोटगी मिळणं तिथे कठीण असतं, पण लग्नाला १० वर्षं झाली असतील आणि किमान गरजा भागतील एवढी कमाई नसेल तर मागता येते. तुमची १० वर्षं डिसेंबर २०२४ मध्येच झाली. वकिलाचा खर्चही सामाईक पैशातून द्यायला कोर्ट लावू शकतं, पहिल्याच भेटीत हे विचारा. भारतात घर-जमीन असेल तर टेक्ससचं कोर्ट साताऱ्याच्या सातबाऱ्यावर हात घालू शकत नाही, मात्र यजमानांना व्यक्तिशः हुकूम करू शकतं. लग्नातले दागिने हे तुमचं स्त्रीधन. ते साताऱ्यात कुणाच्या लॉकरमध्ये आहेत, त्याची यादी आणि लग्नातले फोटो आईकडून मागवून घ्या. यजमानांचे जुने टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंट, त्यांचं आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजुरीचं पत्र, सगळ्यांच्या व्हिसाच्या नोटिसा, सगळ्याच्या प्रती त्यांना न दिसणाऱ्या ईमेलवर ठेवा.

काही महिन्यांनी दोघंही शांत झालात आणि खरोखर परस्परसंमतीने वेगळं व्हायचं ठरलं, तर साताऱ्यातून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज करण्याचा रस्ता आहे, कारण लग्न तिथे लागलं. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. नंतरचा सहा महिन्यांचा थांबा न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. टेक्ससमध्येच डिक्री झाली तर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडून दोन-तीन प्रमाणित प्रती घ्या आणि राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून त्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद मानला जावा म्हणून लागणारा सरकारी दाखला, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिल मानतो. अमेरिकेची डिक्री भारतात आपोआप अमलात येत नाही, तिकडच्या कोर्टात ती मांडावी लागते, म्हणून साताऱ्यातल्या वकिलालाही मसुदा ठरतानाच सोबत घ्या, सगळं झाल्यावर नाही.

तेव्हा आज यजमानांना तो एका ओळीचा मेसेज पाठवा. उद्या सकाळी किंग, स्नोहोमिश आणि लिंकनच्या क्लार्कना फोन, मग कॉलिन आणि डेंटन. फोनवर कोण बोललं, किती वाजता आणि काय म्हणालं, ते एका वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊनच या आठवड्यात फ्रिस्कोतल्या वकिलाकडे जा. पाच फोन झाले की काय सापडलं ते मला कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.